किल्लारीच्या दारातला फोटो

लातूर,
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताहेर साहेब यांस,
सादर नमस्कार.

आपली ओळख नाही. आमच्या शाळेत नायगावचे शिवम सर आहेत, त्यांनी तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, "नांदेडात निगेटिव्हवरून हातानं फोटो छापणारा एकच माणूस उरलाय. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. पत्र लिहा, उत्तर हमखास येतं." म्हणून हे पत्र.

वहीच्या पुठ्ठ्यात ठेवून एक निगेटिव्ह पाठवते आहे. ती माझ्या आईची आहे. आईचं नाव शिवकांता. आमचं घर किल्लारीचं. त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली, तेव्हा मी आठ महिन्यांची होते. घराबरोबर घरातले फोटोही गेले. मी आईला कधी पाहिलेलं नाही, फोटोतसुद्धा नाही. गेल्या वर्षी अर्धापूरला माझी सिंधुआत्या वारली. तिच्या पेटीत, तिच्या लग्नाच्या निगेटिव्हांमध्ये, ही एक निघाली. आत्याचं लग्न त्याच वर्षी उन्हाळ्यात किल्लारीला झालं होतं.

लातुरात तीन ठिकाणी दाखवली. दारात एक बाई उभी आहे एवढं दिसतं. बाजूला चुन्याची भिंत उन्हात पांढरीफटक, मागे काळोख, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता कोळसा. एकानं कॉम्प्युटरवर चेहरा उजळून दिला. बाई फार देखणी निघाली. मी विचारलं तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, नाकडोळे थोडे आपल्यालाच बनवावे लागले." मला बनवलेली आई नको आहे. असेल तेवढीच पाहिजे.

जमेल का? नसेल जमत तर तसंही कळवा, मी रागावणार नाही.

आपली नम्र,
रुद्राणी


नांदेड,
९ मार्च २०२५

रुद्राणीबाई,
आदाब आणि नमस्कार.

तुमच्या निगेटिव्हमध्ये चेहरा आहे. बाकीचं पत्र सावकाश वाचा.

महिना लागला त्याची माफी असावी. दुकान बंद होऊन सतरा वर्षं झाली. आता जी काही अंधारखोली आहे, ती म्हणजे आमची न्हाणी. खिडकीला काळं कापड ठोकलं, पाटावर फोटो मोठा करून छापायचा एन्लार्जर मांडला, तेव्हा आमच्या फरीदाबेगम दारात उभ्या राहून म्हणाल्या, "क्या जी, अब नहाना भी बंद?" तेव्हापासून घरातल्यांच्या अंघोळी माझ्या वेळापत्रकावर चालतात.

भानगड अशी की भिंत उन्हात आणि तुमच्या आई सावलीत. एका कागदाला एवढं अंतर झेपत नाही. भिंत सांभाळावी तर चेहरा काळा पडतो, चेहरा सांभाळावा तर भिंत कोरी होते. लातूरवाल्यांनी भिंत सांभाळली. यावर जुना इलाज म्हणजे मास्क. निगेटिव्हखाली कोरी फिल्म ठेवायची, दोघींच्या मध्ये एक पारदर्शक पान घालायचं आणि वरून जरासा उजेड द्यायचा. ती फिल्म पातळ औषधात धुतली की तिच्यावर फोटोची फिकी, थोडी पुसट अशी छाप उमटते. निगेटिव्हमधून जिथे जास्त उजेड गळतो, नेमकी तिथे या छापेची सावली पडते. दोन्ही एकावर एक बसवून छापलं की चेहऱ्यावरचा जादा उजेड अडतो आणि भिंतीला पाहिजे तेवढा मिळत राहतो. ऐकायला सोपं आहे. जोडी केसाएवढी सरकली तरी माणसाला चार डोळे येतात. चौदा मास्क केले, तेरा फेकले. फिल्म एका बंद पडलेल्या छापखान्यातून मागून आणली. वर रोजे सुरू, त्यामुळे औषधाचा वास जरा जास्तच कळतो.

चौदाव्याला चेहरा आला. हनुवटीवर तीन बारीक ठिपके आहेत. धूळ समजून भरून काढायला ब्रश उचलला होता, मग भिंगातून पाहिलं. ते गोंदण आहे, म्हणून ठेवलं. खाली हातापाशी मात्र एक लांब पांढरा ओरखडा होता. निगेटिव्ह तीस वर्षं पेटीत घासली, असं व्हायचंच. तो ब्रशनं असा भरलाय की सांगूनही सापडणार नाही.

प्रिंट सोबत आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती राखाडी रंग आहेत ते उजेडात धरून मोजा. स्वतःची तारीफ करू नये, पण माझे उस्ताद असते तर त्यांनी पाठीवर थाप मारली असती.

काम दिलंत, शुक्रिया. हात अजून चालतात हे मला माहीत नव्हतं.

आपला,
ताहेर


लातूर,
१७ मार्च २०२५

आदरणीय ताहेर चाचा,
नमस्कार.

साहेबऐवजी चाचा लिहिलं, चालेल ना?

परवा पार्सल आलं. मी शाळेतून आले होते, हात धुऊन उघडलं. आई माझ्यासारखी दिसत नाही. तिचं कपाळ लहान आहे, डोळे थोडे त्रासल्यासारखे, बहुतेक उन्हामुळे. ओठ मिटलेले आहेत, पण हसू आवरून धरलं असावं असं वाटतं. मी रडले आणि माझा नवरा सुदर्शन बिचारा पाणी घेऊन नुसता उभा राहिला. बत्तीस वर्षांची बाई पहिल्यांदा आपल्या आईला बघते आहे, तिला काय म्हणून समजवायचं ते त्याला कळेना.

तुमचे किती आभार मानू? रोजे धरून, न्हाणीत उभं राहून, चौदा वेळा. आमच्या नात्यागोत्यातल्या कुणी हे केलं नसतं. मी जन्मभर तुमची ऋणी आहे. अप्पांनीही, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोटो बराच वेळ हातात धरला. फरीदाचाचींनाही माझे आभार सांगा आणि त्यांची न्हाणी मोकळी करा.

पुन्हा पुन्हा धन्यवाद.

तुमची,
रुद्राणी


नांदेड,
३ एप्रिल २०२५

बेटी रुद्राणी,

तू चाचा केलंस, मग मीही अहोजाहो सोडलं.

ईद झाली. शीरखुर्मा पोस्टानं पाठवता येत नाही, नाहीतर फरीदानं पाठवला असता. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी शुक्रिया फार म्हणते, काहीतरी लपवते आहे. मी म्हटलं, तुला सगळ्यातच संशय. पण मग मीही पत्र पुन्हा वाचलं. आईचं कपाळ, डोळे, ओठ, सगळं लिहिलंस. अप्पांबद्दल एकच ओळ, की त्यांनी फोटो "बराच वेळ हातात धरला". ज्या माणसानं तिच्याबरोबर संसार केला, तो काय बोलला ते नाही. पाहिला असंही नाही. धरला.

मी बत्तीस वर्षं दुकान चालवलं आहे. लोक फोटो हातात घेऊन काय करतात ते मला ठाऊक आहे. काही चुकलं असेल तर सांग. खोट्या तारिफेनं माझं पोट भरत नाही.

ताहेरचाचा


लातूर,
१० एप्रिल २०२५

ताहेर चाचा,
नमस्कार.

चाचींना सांगा, त्या जिंकल्या.

पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. फोटो मला हवा होताच, पण घाई अप्पांसाठी होती. त्यांच्या डोळ्यांचा आतला पडदा सुकत चालला आहे. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले, फार तर वर्ष. आत्याच्या पेटीत निगेटिव्ह सापडल्याचं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डोळे हायेत तवर एकदा दिसली तर बरं." हे तुम्हाला सांगितलं तर तुमच्यावर दडपण येईल असं वाटलं. आपलं काम सांगताना माणसाला दुःखाची भीड घालू नये, असं मला वाटतं.

पेपरातला मोठा मथळा त्यांना वाचता येतो, खालची बातमी येत नाही. काळं कळतं, पांढरं कळतं, मधलं सगळं धुकं होतं. आणि तुमचा फोटो सगळा मधलाच आहे, चाचा. इतका सुंदर, आणि सगळा मधलाच. अप्पांनी तो खिडकीत नेला, तिरपा केला, डोळ्यांजवळ धरला. म्हणाले, "लई ब्येस हाय." मग थोड्या वेळानं हळूच मला विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला हाय गं?"

तुम्ही एवढे कष्ट घेतल्यावर हे कोणत्या तोंडानं लिहायचं? म्हणून आभार लिहीत गेले. ते खोटे नव्हते. मी आईला पाहिलं ते तुमच्यामुळेच. आता यापुढे काही करू नका, जे झालं ते खूप आहे.

रुद्राणी


नांदेड,
२८ एप्रिल २०२५

बेटी रुद्राणी,

"काही करू नका" म्हणतेस आणि वर मास्तरीण आहेस! वर्गातल्या पोरांना असंच सांगतेस का?

चूक माझी आहे. फोटो कुणाच्या डोळ्यांसाठी आहे, हे मी विचारलंच नाही. माझ्या डोळ्यांसाठी छापला आणि माझ्याच पाठीवर थाप मारून घेतली. तुझं पत्र आलं त्या दिवशी एका जुन्या चष्म्याच्या काचांना खोबरेल तेल चोपडलं आणि घरभर हिंडलो. पेपर घेतला. मथळा दिसतो, बातमी दिसत नाही, तू लिहिलंस तसंच. मग तुझ्या आईचा प्रिंट भिंतीला लावला. धुकं. फरीदा म्हणाली, म्हातारपणी हे काय सोंग? तिला चष्मा लावून दिला, तेव्हा तीही प्रिंटसमोर जाऊन डोळे बारीक करून बघू लागली.

आता पहिल्यापेक्षा दाट मास्क केला, म्हणजे भिंत आणि चेहरा उजेडाच्या हिशेबात एकमेकांच्या जवळ आले. मग सगळ्यात कडक कागदावर छापलं. कडक कागद मधलं काही राखत नाही, एक तर काळं नाही तर पांढरं. मास्क नसता तर भिंतीपायी चेहरा बुडाला असता. मास्क असल्यानं नाकाची कड, डोळ्यांची रेघ, हनुवटीवरचे तीन ठिपके, सगळं छिन्नीनं कोरल्यासारखं आलं. इथे पारा बेचाळीसवर आहे आणि औषध एवढं तापलं तर कागद काळवंडतो, म्हणून रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून ट्रे त्यात ठेवले. कागदाची प्रत्येक नमुन्याची पट्टी छापून धुवायची, खोलीच्या त्या टोकाला लावायची, तेलाचा चष्मा घालून बघायची. नवव्या पट्टीला तेलातूनही बाई दिसली. तुला हा प्रिंट ओबडधोबड वाटेल. तो तुझा नाही, अप्पांचा आहे.

ओरखडा या वेळी फारच ठळक उठला होता. तोही भरला. पार्सल वाकू नये म्हणून प्रिंटच्या मागे एक न भरलेला कच्चा प्रिंट घातलाय, तो रद्दीत टाक.

आता एक गोष्ट. पहिल्या दिवसापासून मी ती लपवली आहे. तू भीड घातली नाहीस, मीही लाजेपोटी बोललो नाही, म्हणजे आपण सारखेच.

तुझ्या निगेटिव्हच्या काठावर दोन बारीक खाचा आहेत. त्या काळी आम्ही कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीला कानशीनं खाच पाडायचो, म्हणजे धुवायला गेलेला रोल कुणाचा ते कळायचं. उस्तादांची एक खाच. माझ्या दोन. बेटी, हा फोटो मीच काढलाय. अर्धापूरच्या वऱ्हाडाबरोबर मी किल्लारीला आलो होतो. लग्न रंगीत रोलवर काढलं. निघताना काळ्यापांढऱ्या रोलवर दोन फोटो उरले होते, ते गल्लीतल्या लोकांचे काढून टाकले. ऐन दुपार होती, वऱ्हाडाचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. एवढं आठवतं, चेहरा आठवत नाही. त्यांना फक्त "दोन पावलं पुढे या" म्हणायला हवं होतं. उन्हाच्या कडेला आल्या असत्या तर चेहरा लख्ख आला असता. ना मास्क लागला असता, ना बर्फ. माझ्या घाईनं तुझी आई बत्तीस वर्षं अंधारात उभी राहिली. आणि तू स्वतःला माझी जन्मभराची ऋणी म्हणतेस. ते पत्र मला वाचवत नाही.

ताहेर


लातूर,
९ मे २०२५

ताहेर चाचा,

हे पत्र मी शाळेच्या सुट्टीत, अप्पांच्या शेजारी बसून लिहिते आहे. ते सांगतील तसं.

मंगळवारी पार्सल आलं. सुदर्शननं प्रिंट अप्पांच्या बाजेसमोर भिंतीला टेकवून ठेवला. अप्पा म्हणाले, "थांब, कुठं हाय ते सांगू नगंस." मग बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला आणि लांबूनच बोटानं तिच्या हनुवटीवरचे ठिपके मोजले, एक, दोन, तीन. म्हणाले, "हाय की. शिवकांताच हाय." मग त्यांनी फोटोशी काय बोलणं केलं ते मी ऐकलं, पण लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "आन दोरी कुठं गेली?"

मी म्हटलं, कसली दोरी? ते चिडले. "तिच्या हातातली. दोरी व्हती. दोरी न्हाई तर ती दारात कशापायी हुबी ऱ्हाईल?"

मला एकदम तुमचा कच्चा प्रिंट आठवला. रद्दीत टाकला नव्हता, चाचा, तुमच्या हातचं काही टाकवत नाही. तो समोर धरला. आईच्या उजव्या हातातून एक पांढरी रेघ निघते, मागच्या काळोखात तिरपी जाते आणि फोटोच्या कडेशी संपते. तुम्ही दोनदा भरलात तो ओरखडा. अप्पांनी तो बघितला आणि हसले. मी त्यांना एवढं मोकळं हसताना फार दिवसांनी पाहिलं. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"फोटोवाल्याला सांग, त्येनं दोनदा म्हनलं व्हतं. ताई, दोन पावलं म्होरं या. मी बी म्हनलं, ये की गं. ती म्हनली, म्होरं आले तर दोरी सुटंल, लेकरू उठंल. सकाळधरनं किरकिर करून आत्ता कुठं झोपलंय. फोटो काळा आला तर येऊ द्या. त्यो बिचारा तसाच काढून पळाला, टेम्पोवाला बोंबलत व्हता. त्येची काय बी चूक न्हाई."

दोरी झोळीची होती. आतल्या आढ्याला आईच्या लुगड्याची झोळी बांधलेली होती आणि त्या झोळीत चार महिन्यांची मी.

चाचा, मी समजत होते की आईबरोबर माझा एकही फोटो नाही.

तुम्ही पुन्हा कधी "माझ्या घाईनं" असं लिहू नका. तुमची घाई नव्हती. माझी झोप होती.

तुमची,
रुद्राणी

अप्पा सांगतात, एकदा लातूरला या, ते तुम्हाला बघून घेतील. डोळे आहेत तोवर.


नांदेड,
१९ मे २०२५

बेटी,

तुझं पत्र फरीदानं मोठ्यानं वाचलं, कारण मला तिसऱ्या ओळीनंतर दिसेना, आणि या वेळी चष्म्याला तेल नव्हतं.

ओरखडा की दोरी, हे ओळखणं शिकाऊ माणसाचं काम आहे. निगेटिव्ह तिरपी धरायची, ओरखडा असेल तर चमकतो. मी धरलीच नाही. जुनी निगेटिव्ह म्हणजे ओरखडा असणारच, असं मनानं आधीच ठरवून टाकलं होतं. आज धरली. चमकत नाही. बत्तीस वर्षांत त्या निगेटिव्हला साधा चरासुद्धा गेलेला नाही, अल्लाच्या कृपेनं आणि तुझ्या आत्याच्या पेटीच्या कृपेनं.

मी दोनदा पुढे या म्हटलं होतं हे मला आठवत नाही. अप्पा माझी इज्जत राखायला तर सांगत नाहीत ना, असंही मनात आलं. मग ठरवलं, ते म्हणतात तर म्हटलं असेल. एवढ्या वर्षांनी कुणी आपल्या बाजूनं साक्ष देतो, ती परतवू नये.

तिसरा प्रिंट सोबत आहे. मास्क तोच, कागद तोच. ब्रशला हात लावलेला नाही. मागे माझा जुना शिक्का मारलाय. त्र्याण्णवला मारायचा राहिला होता.

लातूरची गाडी बघतो. फरीदाही येते म्हणते. न्हाणी तिच्या ताब्यात दिली आहे.

तुझा,
ताहेरचाचा


लातूर,
२१ ऑगस्ट २०२५

ताहेर चाचा,
नमस्कार.

तुम्ही दोघं येऊन गेलात त्याला आता दोन महिने होतील. चाचींनी शिकवलेला चिंचेचा खट्टा मी दोनदा केला, त्यांच्यासारखा होत नाही.

अप्पांचं सांगायचं होतं. परवापासून मथळाही वाचता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षा लवकर झालं. तुमचा चेहरा त्यांना दिसला होता, हे ते आल्यागेल्याला सांगतात: "नांदेडच्या फोटोवाल्याला मी बघितलंय, दाढी पांढरी हाय." आईचा चेहरा मात्र आता धुक्यात गेला. काल मी घाबरत घाबरत विचारलं, अप्पा, समोर काय दिसतं?

ते म्हणाले, "दोरी दिसती."

काळ्यावरची ती एक पांढरी रेघ त्यांना अजून दिसते. रोज सकाळी मी हात धरून त्यांना फोटोपाशी नेते. ते बोट रेघेच्या वरच्या टोकाला ठेवतात आणि म्हणतात, ही शिवकांता. मग बोट हळूहळू रेघेवरून खाली काळोखात नेतात आणि म्हणतात, ही तू.

ती रेघ भरलेले दोन्ही प्रिंट मी कपाटात ठेवलेत. भिंतीवर तुमचा शिक्क्याचा आहे.

तुमची,
रुद्राणी